खाणीशेजारची विहीर आणि तिची नोंदवही

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि मुठेच्या काठावरील शनिवार पेठेत पाणी शिरले. ते पाणी कोठवर चढले होते, हे पेठेतील जुनी माणसे पुढे कित्येक वर्षे भिंतीवर हात ठेवून दाखवीत असत. वर चढलेल्या पाण्याची आठवण अशी राहते. खाली उतरत जाणाऱ्या पाण्याची आठवण मात्र सहसा कोणी ठेवीत नाही. याच पेठेतील वाड्यांमध्ये पूर्वी आड आणि विहिरी होत्या. पेशवाईत कात्रजहून नळाने आणलेले पाणी शहरातील हौदांत खेळत होते. पुढे घरोघर नळ आले, आड झाकले गेले, काही बुजविले गेले, आणि त्यांतील पाणी किती हात खाली गेले हा प्रश्नच उरला नाही.

शहरात हे चालून गेले, कारण विहिरीची जागा नळाने घेतली. परंतु जेथे पिण्याचे पाणी, गुरांचे पाणी आणि रब्बीचे पीक ही तिन्ही एकाच विहिरीवर अवलंबून आहेत, तेथे पाणी किती खाली गेले हा साऱ्या घराच्या चरितार्थाचा प्रश्न असतो. आणि अशा विहिरीच्या शेजारी एखादी मोठी खुली खाण सुरू झाली, तर तो प्रश्न अधिकच तीव्र होतो. विहीर आटली की शेतकरी खाणीकडे बोट दाखवितो. खाणीचे व्यवस्थापन कमी पावसाकडे बोट दाखविते. या दोहोंमध्ये निवाडा करू शकेल असा एकच साक्षीदार आहे, तो म्हणजे त्या विहिरीच्या पाणीपातळीची वर्षानुवर्षे ठेवलेली नोंद. ही नोंद कशी घेतली जाते, तिचा अर्थ कसा लावावयाचा आणि ती खाण सुरू होण्यापूर्वीपासून का असली पाहिजे, याची माहिती या लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे.

वर्धा खोऱ्यातील कोळसा आणि पाणी

खाण म्हटली की पुणेकरांच्या डोळ्यांपुढे वाघोलीच्या बाजूच्या दगडखाणी येतात. त्याही खुल्याच खाणी होत. परंतु महाराष्ट्रात खुल्या खाणींचा खरा विस्तार पाहावयाचा तर विदर्भात गेले पाहिजे. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर या जिल्ह्यांत दगडी कोळशाचे मोठे साठे आहेत. कोळसा उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणानंतर १९७५ साली वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्यालय नागपूर येथे आहे. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, सास्ती, निलजई, उमरेड ही नावे आता कोळशाशी कायमची जोडली गेली आहेत. या भागात भूमिगत खाणी पूर्वीपासून होत्या. पुढे वरची माती आणि खडक काढून कोळसा उघडा करण्याची पद्धत अधिक प्रमाणात अवलंबिली गेली.

या भागातील खडकांची रचना पुण्याच्या खडकांपेक्षा अगदी वेगळी आहे. पुण्याच्या परिसरात काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट आहे. तो मुळात घट्ट असून त्यातील पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांमध्ये साठते. म्हणून एका विहिरीला भरपूर पाणी आणि शंभर पावलांवरची दुसरी विहीर कोरडी, असा अनुभव येथे येतो. वर्धा खोऱ्यातील कोळसा मात्र गोंडवन काळातील खडकांत आहे. कोळशाचे थर बराकर नावाच्या खडकसमूहात असतात आणि त्याच्यावर अनेक ठिकाणी कामठी समूहाचा वालुकाश्म आढळतो. नागपूरजवळच्या कामठी गावावरूनच या समूहास हे नाव मिळाले आहे. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण एकमेकांना चिकटून बनलेला दगड. त्याच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी साठते आणि एका पोकळीतून दुसरीत वाहते. त्यामुळे कामठीचा वालुकाश्म हा विहिरींच्या दृष्टीने उत्तम खडक मानला जातो.

येथेच अडचण उद्भवते. ज्या खडकाच्या कृपेने गावाच्या विहिरींना पाणी आहे, तोच खडक कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी फोडून बाजूला काढावा लागतो.

खाण पाणी कसे ओढते

नदीकाठच्या वाळूत मुलांनी खड्डा खणलेला आपण पाहिला असेल. खड्डा थोडा खोल झाला की चारही बाजूंनी पाणी झिरपून त्यात जमते. ते पाणी ओंजळीने काढीत राहिले, तर खड्ड्याभोवतीची ओली वाळू हळूहळू कोरडी पडते. खुल्या खाणीत हेच मोठ्या प्रमाणावर घडते.

गावातील साधी विहीर दहा ते पंधरा मीटर खोल असते. खाणीचा खड्डा तिच्या कितीतरी पट खोल जातो. भूजलाच्या पातळीखाली खड्डा गेला की आजूबाजूच्या खडकातील पाणी त्यात पाझरू लागते. कोळसा काढण्यासाठी खाणीचा तळ कोरडा ठेवणे आवश्यक असते. त्याकरिता तळाशी सम्प खणून त्यात पाणी गोळा केले जाते आणि पंपाने बाहेर टाकले जाते. हा उपसा पावसाळ्यात अधिक असतो. तथापि उन्हाळ्यातही तो पूर्णपणे थांबत नाही.

उपसा चालू राहिला की खाणीभोवतीच्या भूजलाला उतार प्राप्त होतो. पाणी चोहोबाजूंनी खड्ड्याकडे वाहू लागते. या खचलेल्या पातळीचा आकार उलट्या ठेवलेल्या शंकूसारखा असतो. खाणीजवळ पातळी सर्वांत खाली जाते आणि जसजसे दूर जावे तसतशी ही घट कमी होत जाऊन एका अंतरापलीकडे ती जाणवेनाशी होते. हे अंतर किती, याचे सर्वत्र लागू पडणारे उत्तर नाही. ते खडकाच्या पारगम्यतेवर, खाणीच्या खोलीवर, उपशाच्या काळावर आणि मध्ये एखादी नदी किंवा खडकाचा तुटलेला पट्टा आहे की काय यावर अवलंबून असते. खडकातून अथवा वाळूतून पाणी किती वेगाने वाहील याचा मूलभूत नियम आँरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली मांडला. भूजलाची आजची सारी गणिते त्या नियमावरच उभी आहेत. परंतु गणितासाठी लागणारे आकडे शेवटी विहिरीच्या काठावर जाऊनच आणावे लागतात.

मोजणीची पद्धत

महाराष्ट्रात हे काम करणारी मुख्य शासकीय संस्था म्हणजे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. तिची स्थापना १९७२ साली झाली आणि तिचे मुख्यालय पुण्यात आहे. राज्याची विभागणी दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत करण्यात आली असून त्यांतील साडेतीन हजारांहून अधिक विहिरी निरीक्षणासाठी निवडलेल्या आहेत. या विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास, मोजली जाते. पुढील उन्हाळ्यात कोणत्या भागात पाणीटंचाई भासेल याचा अंदाज ऑक्टोबरच्या पातळीची मागील पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करून बांधला जातो. केंद्रीय भूमिजल मंडळाच्या निरीक्षण विहिरी याखेरीज वेगळ्या आहेत.

मोजणीचे साधन अगदी साधे असते. वजन लावलेली टेप विहिरीत सोडावयाची आणि पाण्याला टेकताच आकडा वाचावयाचा. परंतु या साध्या कामातही काही पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतात.

पहिले पथ्य असे की, मोजणी प्रत्येक वेळी कठड्यावरील एकाच खुणेपासून झाली पाहिजे. विहिरीचा कठडा जमिनीपासून ०.७५ मीटर उंच आहे आणि टेपवर ९.३५ मीटर हा आकडा आला, असे समजू. तर पाणी जमिनीपासून ८.६० मीटर खाली आहे. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणी कठड्याच्या दुसऱ्या बाजूने, जेथे तो ढासळलेला आहे तेथून माप घेतले, तर पाणी जागचे न हलताही नोंदवहीत अर्धा-पाऊण मीटरचा फरक दिसेल.

दुसरे पथ्य वेळेचे. विहिरीवरील पंप चालू असताना किंवा नुकताच बंद केलेला असताना घेतलेले माप खरे नसते. शक्यतो पहाटे, उपसा सुरू होण्यापूर्वी आणि विहीर रात्रभर भरून निघाल्यावर माप घ्यावे. तिसरे पथ्य म्हणजे विहिरीतील बदलांची नोंद. विहीर आणखी खोल केली, आडवे बोअर मारले, गाळ काढला किंवा शेजारी नवी विंधन विहीर झाली, तर ते तारखेसह लिहून ठेवले पाहिजे. एरवी पातळीतील फरकाचे कारण पुढे कोणालाही सांगता येणार नाही.

वापरातील विहिरींच्या या मर्यादा लक्षात घेऊन खाणीच्या परिसरात पिझोमीटर बसविले जातात. पिझोमीटर म्हणजे केवळ पाणीपातळी मोजण्यासाठी घेतलेली अरुंद नलिका. तिच्यातून पाणी उपसले जात नाही. ती ठराविक खोलीवरच्या एकाच खडकथरात उघडी ठेवलेली असते. त्यामुळे वरच्या थरातील पाणी आणि कोळशालगतच्या खोल थरातील पाणी यांची पातळी वेगवेगळी कळू शकते. अलीकडे अशा नलिकांमध्ये स्वयंचलित उपकरणे बसवून पातळीची नोंद दूरस्थ पद्धतीने केंद्राकडे पाठविण्याची सोयही झाली आहे.

पावसाचा दोष की खाणीचा?

नोंदी जमल्या तरी त्यांचा अर्थ लावणे शिल्लक राहते. ज्या वादापासून आपण आरंभ केला त्याचे उत्तर येथे मिळते. हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

समजा, खाणीपासून ६०० मीटरवर ‘अ’ ही विहीर आहे आणि ८ किलोमीटरवर ‘ब’ ही विहीर आहे. दोन्ही एकाच प्रकारच्या खडकात असून तेथील पाऊस आणि पिकेही सारखीच आहेत. खाण सुरू होण्यापूर्वीच्या पाच वर्षांत मे महिन्यातील पाण्याची सरासरी खोली ‘अ’ विहिरीत ८.६० मीटर आणि ‘ब’ विहिरीत ७.९० मीटर होती. पुढे खाण खोल गेली आणि त्यातच एका वर्षी पाऊस कमी झाला. त्यानंतरच्या मे महिन्यात ‘अ’मध्ये पाणी १२.८० मीटरवर आणि ‘ब’मध्ये ९.१० मीटरवर गेले. म्हणजे ‘अ’ची घट ४.२० मीटर, तर ‘ब’ची १.२० मीटर.

‘ब’ विहीर खाणीच्या प्रभावापासून दूर असल्याने तिची १.२० मीटरची घट ही अवर्षणाची घट मानता येईल. तेवढी घट ‘अ’मध्येही अवर्षणामुळेच झाली असे धरले, तरी ३ मीटर घट उरते. तिचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. ‘ब’ पुन्हा ७.९० मीटरवर आली. ‘अ’ मात्र ११.६० मीटरवरच अडकून राहिली. पाऊस परत आला, तरी ३ मीटरची तूट भरून निघाली नाही. अशा वेळी बोट खाणीच्या उपशाकडे वळते. मधल्या अंतरावरील, म्हणजे एक, दोन आणि चार किलोमीटरवरील विहिरींमध्ये ही घट क्रमाने कमी होताना दिसली, तर तो निष्कर्ष अधिक पक्का होतो.

‘अ’ विहीर एकूण १३ मीटर खोल आहे असे मानले, तर पूर्वी मे महिन्यात तिच्यात ४.४० मीटर पाणी राहत असे आणि त्या अवर्षणाच्या वर्षी केवळ २० सेंटिमीटर उरले. नुसते अवर्षण असते तर ३.२० मीटर पाणी शिल्लक राहिले असते आणि घराची तहान व थोडेफार ओलीत भागले असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या ३ मीटरचा अर्थ हा असा आहे.

हीच कसोटी उलट दिशेनेही लागू पडते, हे सांगितले पाहिजे. ‘अ’ आणि ‘ब’ या दोन्ही विहिरी सारख्याच खाली गेल्या असत्या, तर खाणीला दोष देता आला नसता. कित्येक ठिकाणी विंधन विहिरींची वाढलेली संख्या आणि अधिक पाणी लागणारी पिके यांमुळेही पातळी उतरते. नोंदवही कोणाची बाजू घेत नाही, म्हणूनच तिची साक्ष मोलाची ठरते. मात्र खाणीपूर्वीच्या पाच वर्षांची नोंद नसेल, तर १२.८० हा केवळ एक आकडा उरतो. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. आणि सिद्ध करता न आल्याचा तोटा बहुधा विहिरीच्या मालकालाच सोसावा लागतो.

कायदा आणि अटी

भूजलाचे नियमन करण्यासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाची स्थापना १९९७ साली पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये करण्यात आली. २४ सप्टेंबर २०२० रोजी जारी झालेल्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार खाण प्रकल्पांना भूजल उपशासाठी ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. खाणीच्या गाभा क्षेत्रात आणि सभोवतालच्या क्षेत्रात निरीक्षण विहिरी ठेवून पातळी मोजण्याचे बंधनही त्यांत आहे.

कोळसा खाणींना पर्यावरणविषयक मंजुरी देताना सामान्यतः अशी अट घातली जाते की, अस्तित्वातील विहिरी आणि नवे पिझोमीटर यांचे जाळे उभारून मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी अशी वर्षातून चार वेळा पाणीपातळी मोजावी आणि मे महिन्यात पाण्याचा कसही तपासावा. खाणकामामुळे विहिरींची पातळी घटल्यास गावाला पर्यायी पाणीपुरवठा करण्याची जबाबदारी प्रकल्पावर टाकलेली असते. कस तपासण्याचे कारण असे की, कोळशाच्या थरातील गंधकयुक्त खनिजांचा हवेशी आणि पाण्याशी संपर्क आला की पाण्यातील सल्फेट वाढू शकते. शिवाय चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचा दोष मुळातच आहे. तेव्हा कोणता दोष पूर्वीचा आणि कोणता नंतरचा, हेही आधीच्या तपासणीवाचून कळणार नाही.

खाणीतून उपसलेले पाणी वाया जाऊ नये, ही दृष्टीही आता रुजू लागली आहे. गाळून आणि शुद्ध करून असे पाणी शेतीला, उद्योगांना आणि पिण्यासाठी देण्याचे प्रयोग विदर्भात झाले आहेत. नागपूर जिल्ह्यातील पाटणसावंगी येथे खाणीचे पाणी शुद्ध करून ते ‘कोल नीर’ या नावाने बाटल्यांत भरण्याचा उपक्रम वेस्टर्न कोलफील्ड्सने सुरू केला. तथापि कालव्यातून आलेले पाणी आणि आपल्या विहिरीतील पाणी यांत फरक आहे. विहिरीचे पाणी शेतकऱ्याच्या हाती असते, आणि खाणीचे पाणी पंप चालू असेपर्यंतच येते.

जर्मनीचा अनुभव

पश्चिम जर्मनीतील ऱ्हाइन प्रदेशात तपकिरी कोळशाच्या प्रचंड खुल्या खाणी आहेत. त्यांतील हाम्बाख ही खाण सुमारे ४०० मीटर खोल गेली. इतक्या खोलीवर तळ कोरडा ठेवण्यासाठी भोवतालचे भूजल मोठ्या प्रमाणावर उपसावे लागले. तेथे या प्रश्नासाठी १९५८ साली खास कायदा करून एर्फ्ट नदीच्या खोऱ्याकरिता जलसंघ स्थापन करण्यात आला. भूजलावर लक्ष ठेवणे हे त्याचे एक प्रमुख काम होय. गार्झवाइलर खाणीच्या उत्तरेकडील पाणथळ प्रदेश सुकू नयेत म्हणून उपसलेल्या पाण्याचा काही भाग शुद्ध करून पुन्हा जमिनीत मुरविला जातो. कोठे आणि किती मुरवावयाचे हे तेथेही निरीक्षण विहिरींच्या आकड्यांवरूनच ठरते. खाण बंद झाल्यावर भूजल पूर्वस्थितीवर येण्यास दीर्घ काळ लागतो, हेही त्या प्रदेशाने शिकविले आहे. म्हणून शेवटचा कोळसा निघाला की मोजणीही संपली, असे मानता येत नाही.

गावाने काय करावे

या कामात गावालाही वाटा उचलता येईल. प्रस्तावित खाणीसाठी २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणी होते. त्या वेळी आपल्या शिवारातील कोणत्या विहिरींची नोंद प्रकल्प अहवालात घेतली आहे, ती किती वर्षांची आहे आणि दूरची तुलनेची विहीर कोणती धरली आहे, हे ग्रामस्थांनी विचारावे. मंजुरीच्या पत्राची प्रत ग्रामपंचायतीकडे पाठविण्याची अट असते. ती प्रत मागून वाचावी. अटींच्या पालनाचा अहवाल प्रकल्पाने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबर या तारखांना, सादर करावयाचा असतो. तोही पाहता येतो.

याशिवाय गावाने स्वतःची नोंदवही ठेवावी. चार दिशांच्या चार विहिरी निवडाव्यात. प्रत्येकीच्या कठड्यावर तेलरंगाने पक्की खूण करावी. वर्षातून चार ठराविक दिवशी पहाटे टेप सोडून माप घ्यावे आणि तारीख, आकडा, मागील पावसाचे मान व विहिरीतील बदल लिहून दोघा-तिघांच्या सह्या घ्याव्यात. शाळेतील वरच्या वर्गातील मुलांनाही शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम करता येईल. मात्र उघड्या विहिरीच्या काठावर त्यांच्या सुरक्षिततेची काळजी घेतली पाहिजे. अशी वही शासकीय मोजणीची जागा घेणार नाही, परंतु ती तिला पूरक ठरेल. आणि दोन्ही आकडे जुळले, तर गावाचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागेल.

कोळसा देशाला अद्याप लागतो. विदर्भातील खाणींवर वीजकेंद्रे चालतात आणि त्या विजेवर दूरच्या शहरांतील दिवे लागतात. शनिवार पेठेतल्या माणसाने घरात बटण दाबले, तर त्याचा संबंध वर्धा खोऱ्यातील एखाद्या विहिरीशीही असू शकतो. त्या विहिरीचे पाणी खाली गेले तर निदान ते किती गेले आणि का गेले, हे निश्चितपणे सांगता आले पाहिजे. पुराची खूण भिंतीवर आपोआप उमटते. आटणाऱ्या विहिरीची खूण मात्र माणसानेच वेळच्या वेळी लिहून ठेवावी लागते, आणि तिचा पहिला आकडा खाणीची पहिली माती उचलण्यापूर्वीचा असावा लागतो.